राखून ठेवलेला हिरवा

"हा नको. विटलेल्या लुगड्यासारखा दिसतोय."

मी कळ दाबली. पडद्यावर दुसरं चित्र उमटलं.

"हा?"

"ह्यो मगाचाच की गं."

"मगाचा फिका गुलाबी होता, आई. हा फिका जांभळा आहे."

"तुला असंल. मला दोन्ही पाणी घातलेलं दूध." आईनं पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा लॅपटॉपकडं बघितलं. "जुळ्या लेकरांना एकसारखी टोपडी घालायची आणि वर विचारायचं, यातला थोरला कुठला? असलं तुझं काम."

मला रागच आला. त्या चित्रांवर माझा अख्खा आठवडा गेला होता. कराडातल्या एका छापखान्यात मी वीसेक वर्षं संगणकावर लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं जुळवली होती. अक्षरांमागचे ढग, लाटा, पाकळ्या हे सगळं माझ्याकडं. एक प्रोग्रॅम असा होता, की त्याला चार-पाच रंग नेमून दिले की तो त्यांची चित्रं आपलं आपण विणत बसायचा. हवी तेवढी मागा, एकासारखं दुसरं नाही. रंग निवडणं एवढंच माणसाचं काम, आणि ते माझ्याइतकं कुणाला जमत नाही असं गावातल्या निम्म्या वरमायांचं म्हणणं होतं. अन् इथं माझी स्वतःची आई माझ्या रंगांना पाणी घातलेलं दूध म्हणत होती.

पण खटाटोप तिच्यासाठीच होता, तेव्हा गप्प बसणं भाग होतं.

होळीच्या सुमाराला आईला झटका आला. डावा हात लुळा पडला, पाय हळूहळू परत आला, जीभ तर पहिल्याहून धारदार झाली. गेले ते चेहरे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की डोळे शाबूत आहेत, माणसं विसरलेली नाहीत, पण नाक, डोळे, ओठ जुळवून त्याचं माणूस करणारा मेंदूतला भाग गेला. कान तर तिचे बऱ्याच वर्षांपूर्वीच गेले होते, एका कानाशी मोठ्यानं बोललं तरच काही कळायचं. घरात ती मला हातातल्या आमसुली बांगड्यांवरून ओळखायची आणि माझ्या नवऱ्याला, दिनकरला, गळ्यातल्या चष्म्याच्या दोरीवरून. मी एकदा बांगड्या काढून धुणं धुवायला बसले, तर तिनं मला "बाई, शैला कुठं गेली?" म्हणून विचारलं होतं.

आणि ते साल असं, की कुणी घराबाहेर पडायचं नाही, गावाच्या वेशी बंद. लेकरंबाळं दिसायची ती पडद्यावरच. माझे थोरले बंधू रमाकांतदादा इंदूरला मुलाकडं राहायचे. झटक्यानंतर त्यांनी पहिल्यांदा फोन लावला, पडद्यावर येऊन हसून नमस्कार केला. आईनं डोक्यावर पदर सारखा केला आणि मला हळूच म्हणाली, "हे पाव्हणे कोण गं?" दादा हसले. मग त्यांनी फोन छताकडं फिरवला, आणि बराच वेळ आम्हाला नुसता त्यांचा पंखा दिसत राहिला.

तेव्हा मला ही युक्ती सुचली. लॅपटॉपच्या पडद्यावर बोलणाऱ्याची चौकट मध्यभागी लहान ठेवायची आणि भोवतीनं एक चित्र पसरायचं. प्रत्येकाचं चित्र वेगळं, रंग वेगळा. चेहरा कळला नाही तरी रंग दिसला की आईनं म्हणावं, हा अमका.

"मग तूच सांग कुठले रंग ते," मी म्हणाले.

"दुकानातले घे की."

सोमवार पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. आम्ही जातीचे कासार. वडील लवकर गेले, त्यानंतर गादीवर आई बसली आणि तिच्या शेजारी दादा. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ हलकं दाबायचं आणि म्हणायचं, "हात सैल सोड गं." एवढ्या एका वाक्यावर आईनं आम्हाला वाढवलं. मागं भिंतीला बांगड्यांच्या माळा रंगवारीनं टांगलेल्या असायच्या.

आई डोळे मिटून ती भिंत वाचायला लागली. "वरच्या खुंटीला चिंतामणी. त्याच्या शेजारी लिंबू. मग केशरी, गुलबक्षी, डाळिंबी. खालच्या अंगाला बदामी, मोतिया. ते दोन नको, ते म्हाताऱ्यांचे."

"चिंतामणी कुणाला?"

"रमाकांतला. दुसऱ्या कुणाला शोभंल?"

मी चिंतामणी तयार करायला घेतला. निळ्या-जांभळ्याच्या मधला तो रंग, त्यात सवयीनं थोडा करडा, थोडा गुलाबी घातला. आईनं चित्र बघितलं आणि डोकं हलवलं. "माळेत दुसऱ्या रंगाची टिकली चालती. पण माळ कसली म्हटल्यावर एकच नाव तोंडात आलं पाह्यजे." मी करडा काढला, गुलाबीची नुसती रेघ ठेवली. आईनं बघितल्या बघितल्या सांगितलं, "चिंतामणी." छापखान्यात कुणी असलं भडक चित्र केलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.

नातवंडांचे रंग झाले. उरला माझा धाकटा भाऊ.

"आणि जयवंतला?"

आई खिडकीकडं बघायला लागली. "त्याला लाव कुठला पण. तो कुठं येतोय बोलायला."

"हिरवा देते. हिरवा सगळ्यांपासून लांबचा आहे, उठून दिसेल."

"हिरवा कुणाला द्यायचा न्हाई."

"का?"

"न्हाई म्हटलं ना. दुकानात हिरवा कायम राखून ठेवायचा असतो. दारात नवरी आली अन् हिरवा चुडा न्हाई, असं होऊन चालत न्हाई. ऱ्हाऊ दे तो."

"आता कसलं दुकान आणि कसली नवरी, आई?"

"ऱ्हाऊ दे म्हणते."

मी म्हटलं, मग रामा घेऊ. तर रामा हिरव्याच्या शेजारी बसतो, फसगत होईल, म्हणून तोही बाद. शेवटी जयवंतला मी राखाडी दिला. आईनं तो बघून एवढंच म्हटलं, की असल्या रंगाची बांगडी तिच्याकडं कुणी कधी मागितली नाही. हिरवा मी हौसेनं आधीच बनवून ठेवला होता, चांगला सणसणीत, कैरीची एक कड असलेला. तो काढून टाकायला मन होईना, म्हणून तसाच राहू दिला.

जयवंतचं आणि आईचं काय होतं ते सांगायला हवं. आपल्याकडं पुरुषाला घालून पाडून बोलायचं तर हातात बांगड्या भरल्यात का म्हणून विचारतात. मग कासाराच्या पोराला शाळेत काय काय ऐकावं लागत असेल! दादा हसून सोडून द्यायचे. जयवंतला ते जमलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला धरून खरोखरच त्याच्या मनगटात बांगड्या चढवल्या. तेव्हापासून तो हात खिशात घालून चालायला लागला. घरात बसला तरी हात मांडीखाली. पुढं कॉलेजात असताना नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुकानात बायकांची ही गर्दी झाली. आई म्हणाली, "जयवंता, त्या वहिनींचा हात घे जरा." तो सगळ्यांदेखत ओरडला, "बायकांचे हात धरत बसायचा हा धंदा मला करायचा नाही. लाज वाटते मला ह्याची." कोण्या बाईला हसू फुटलं. आईनं उठून त्याच्या थोबाडीत मारली.

त्या संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. पुढं बँकेत लागला, नागपूरला घर केलं. लग्नाकार्याला यायचा, आईच्या पाया पडायचा, विचारलं तेवढं बोलायचा आणि जायचा. सगळं रीतसर. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

रविवारी सकाळी आमचा दरबार भरायचा. मी आईच्या बऱ्या कानाशी बसायची आणि पलीकडचं बोलणं तिच्या कानात मोठ्यानं सांगायची. लिंबू लागला की नात, केशरी लागला की दादांचा हेमंत. आणि चिंतामणी लागला की आईचं तोंड उजळायचं. "रमाकांता!" दादा आधी दोन्ही हात कॅमेऱ्यापुढं धरायचे. चाळीस वर्षं काच हाताळलेले हात, बोटांवर बारीक बारीक रेघा. आई ते निरखून बघायची आणि म्हणायची, "कोरडे पडलेत. खोबरेल लाव." मग बोलणं सुरू.

राखाडी क्वचित लागायचा. लागला तर जयवंत म्हणायचा, "आईला नमस्कार सांग. बरी आहे ना?" आई म्हणायची, "बरी हाय म्हण." संपलं.

श्रावणाच्या आधी हेमंतचा फोन आला. दादा गेले होते. आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं काय आणि ते गेले काय, मुलाला नीट बघायलाही मिळालं नाही. तो रडत रडत एकच सांगत होता, "आत्या, आजीला कळू देऊ नकोस. तीही जाईल." आईच्या डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले की एवढ्यात धक्का नको, महिना-दोन महिने जाऊ देत. मी न्हाणीघरात जाऊन रडले. आईला ऐकू येत नाही हे माहीत असून मी नळ सोडला होता.

ते दिवस कसे गेले कोण जाणे. दोन-तीन दिवस संध्याकाळचा दिवा दिनकरनंच लावला. त्याच आठवड्यात आईचा धड असलेला उजवा हातही दुखायला लागला. रोज सकाळी देवाला फूल वाहायचं ती कधी चुकवायची नाही, पण आता म्हणाली, "माझा हात उचलत न्हाई, मला देवाचं सांगू नका." मी तेल चोळून दिलं. माझं ध्यान कुठं होतं?

रविवार आला. लिंबू झाला, केशरीला मी बोलावलंच नव्हतं. आईनं विचारलं, "चिंतामणी?"

"दादांच्या तिकडं नेटवर्क नाही."

"बरं," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. दुपारी जयवंतला फोन लावला.

"जयवंत, मला हे जमायचं नाही. ती विचारत राहणार. तू तरी काहीतरी सुचव."

तो म्हणाला, "ताई, दादाच्या वेळेला मी बसतो."

"म्हणजे?"

"तू त्याचा रंग लाव. समोर मी बसेन. तिला चेहरा कळत नाही, आवाज ऐकू येत नाही. जे काय कळतं ते रंगावरून आणि तुझ्या तोंडून."

"अरे, काय बोलतोस तू! आईला फसवायचं?"

"आत्ता तू काय करते आहेस?"

तरी मी म्हटलं, "तुला स्वतःच्या नावानं तिच्याशी चार वाक्यं बोलता येत नाहीत. आणि दादांच्या नावानं बोलणार?"

"हो," तो म्हणाला. "त्याच्या नावानं कदाचित येतील."

दिनकरला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पाप असेल तर तिघांत वाटून घेऊ."

त्या रविवारी मी चिंतामणी लावला. मधल्या चौकटीत पांढऱ्या भिंतीपुढं जयवंत बसला होता. दादांसारखा उभ्या रेघांचा सदरा त्यानं कुठूनसा मिळवला होता. आई पडद्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, पाव्हणे कोण?

"रमाकांता," आई म्हणाली, "लई दिवसांनी रे."

"आई, तब्येत कशी आहे?" जयवंतनं विचारलं. मी ते आईच्या कानात सांगितलं.

"मला काय धाड भरलीय? तू सांग. जेवतोस का नीट?"

तो जेवतो म्हणाला. आईची नजर चौकटीच्या खालच्या कडेवर होती. दादा हात दाखवायचे हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, आणि जयवंतच्याही आलं असावं, कारण तो जागच्या जागी चुळबुळला. त्याचे हात टेबलाखाली होते. बँकेतल्या माणसाचे मऊ हात तो कसे दाखवणार? आईनं मागितले नाहीत. खोबरेलाचं काही बोलली नाही. पेठेतल्या कुणाकुणाची चौकशी झाली आणि बोलणं संपलं.

माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या रविवारी तो दहा वाजायच्या आधीच येऊन बसला. त्याच्या पुढच्या रविवारी आईला विचारायला गोष्टी लिहून आणल्यासारखा भराभरा बोलला. वडील कसे होते, दुकानाची पाटी कुणी रंगवली होती, बेळगावहून माल यायचा तेव्हा पेटीत भुसा असायचा की गवत. दादांना हे सगळं ठाऊक होतं, ते कशाला विचारतील? मी त्याला नंतर फोनवर झापलं. "अरे, सोंग घ्यायचं तर नीट घे. पकडले जाऊ."

"मला माहीत नव्हतं ते, ताई. मी कधी विचारलंच नाही."

आई मात्र सगळं खुलून सांगायची. पेटीत भाताचं तूस असायचं, आणि धाकटा त्यात लपून बसायचा, एकदा तिथंच झोपला आणि सगळी पेठ त्याला शोधत फिरली. "आठवतं का रे, रमाकांता?" चौकटीतला माणूस मान हलवायचा. मी कुणाचं कुणाला सांगत होते, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं.

आणि मग तो रविवार आला.

गौरी-गणपती नुकतेच झाले होते. आई बोलत होती, जयवंत ऐकत होता. एकदम तो म्हणाला, "ताई, आईला विचार, तिचा जयवंतवर राग आहे का?"

मी मान हलवली. नको.

"विचार, ताई. दादा विचारतोय म्हण."

"काय म्हणतोय तो?" आईनं माझ्या दंडाला धरलं. "सांग की."

मी तिच्या कानाशी वाकले. "दादा विचारतायत, जयवंतवर तुझा राग आहे का?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती चौकटीकडंच बघत राहिली.

"राग?" ती म्हणाली. "त्यानं दुकानाला नाव ठेवलं म्हणून मी न्हाई मारलं. ती बाई हसली म्हणून हात उठला माझा. अन् मागनं मनात आलं, मला एक डाव हसणं सोसलं न्हाई. त्या लेकराला रोज हसत हुती पोरं. घरी येऊन हात लपवून बसायचा. मी हाताचा धंदा करणारी बाई, अन् माझ्या पोराचा हात मी कधी हातात घेतला न्हाई. राग त्यानं करायचा का मी?"

जयवंतला हे ऐकायला माझी गरज नव्हती. त्याची मान खाली गेली, खांदे हलायला लागले.

"रमाकांता," आई जरा मोठ्यानं म्हणाली, "हात वर कर."

तो तसाच.

"हात दाखव, म्हणते."

त्यानं माझ्याकडं, म्हणजे पडद्यातून माझ्या बाजूला, केविलवाणं बघितलं. मी काहीच केलं नाही. मग त्यानं सावकाश दोन्ही हात टेबलाखालून काढले आणि समोर धरले. ओले झाले होते ते. एकसुद्धा रेघ नव्हती त्यांच्यावर.

आई ते हात बघत राहिली. दादांचे बघायची तसेच, निरखून, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"शैला," ती म्हणाली, "हा रंग काढ."

"आई..."

"काढ तो. तो हिरवा राखून ठेवलाय ना, तो लाव."

माझ्या डोळ्यांपुढं कळा नीट दिसेनात. दिनकर मागं येऊन उभा राहिला होता, त्यानं माझा हात धरून योग्य जागी नेला. चिंतामणी गेला. कैरीची कड असलेला तो सणसणीत हिरवा पडदाभर पसरला.

"हा जयवंताचा," आई म्हणाली. "तो आपणहून बोलाय येईल तवा द्यायचा म्हणून ठेवला हुता. तू राखाडी दिलास, मी म्हटलं असूं दे. मागितल्याबिगर चुडा भरत न्हाईत."

"आई!" जयवंत ओरडला. हे तिला माझ्याशिवाय कळलं असावं.

"रडू नको. सांग मला, तुझा दादा कसा गेला? त्रास झाला का लई?"

मी तिच्या पायाशी खालीच बसले. "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? तुम्हीच की." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच दुखणारा उजवा हात. "सांजचा दिवा दिनकरराव लावाय लागले. तुझी पाळी जाऊन वर्षं झाली. मग लेकीनं देवाला हात लावायचा न्हाई, जावयानं लावायचा, ते कशासाठी असतं? माहेरचं सुतक. माहेरचं म्हणजे माझंच कुणीतरी. रविवारी चिंतामणी लागला न्हाई, तवा कळलं कोण ते."

मला देवघर आठवलं. तिचा न उचलणारा हात आठवला. दादांच्या दहाव्यानंतर आपसूक बरा झालेला. मी तेलाला यश दिलं होतं. आम्ही तिच्यापासून मरण लपवत होतो, आणि ती आमच्यासमोर बसून आपल्या थोरल्याचं सुतक पाळत होती. एकटी.

"मग बोलली का नाहीस, आई? आम्हाला किती दिवस हे..."

"ह्याच्यासाठी." तिनं पडद्याकडं हनुवटी केली. "पहिल्याच दिवशी वळखला मी. रमाकांत आधी हात दाखवायचा. हात लपवणारं माझं लेकरू एकच हाय. म्हटलं, दादाच्या नावानं का असंना, आलंय न्हवं दारात? बोलू दे. हटकलं तर परत जाईल."

जयवंत पडद्यावर तोंड झाकून रडत होता, दोन्ही हातांनी. आईनं त्याला रडू दिलं. मग तिचा स्वतःचा बांध फुटला. "माझा रमाकांत," एवढंच म्हणून ती ओरडली, आणि इतक्या आठवड्यांचं सगळं तेव्हा बाहेर आलं. मी तिला धरलं होतं, दिनकरनं मला. डॉक्टरांनी सांगितलेला धक्का तो हाच असावा. पण तिला काही झालं नाही. रडून झाल्यावर तिनं पाणी मागितलं आणि मला म्हणाली, "तो चिंतामणी पुसू नको हां. तो त्याचाच ऱ्हाईल."

तो अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. आईही आता नाही. अजून दुसऱ्या कुणाला मी तो दिलेला नाही.

त्याच साली, वाटा खुल्या झाल्यावर, दिवाळीच्या तोंडावर जयवंत आला होता. कळवलं नव्हतं. दुपारी दाराशी उभा, दाढी वाढलेली, हातात एक पिशवी. आई खुर्चीत बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं परक्यासारखं बघितलं, आणि पदर सारखा करायला लागली. पडद्यावर रंग होता. इथं दारात कसला रंग असणार? माझ्या तोंडात नाव आलं होतं, पण जयवंतनं मला खुणेनं थांबवलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली. आईच्या पुढं जमिनीवर मांडी घालून बसला, दुकानात गिऱ्हाइकं बसायची तसा, आणि दोन्ही हात तिच्यापुढं केले.

आईनं उजव्या हातानं त्याचा एक हात धरला. उलटा केला, सुलटा केला. अंगठ्याचं मूळ हलकं दाबून बघितलं. तो ताठ झाला होता, लहानपणी व्हायचा तसाच, मनगटापासून खांद्यापर्यंत.

"जयवंता," आई म्हणाली, "हात सैल सोड."